जोडफोटो

माझा नवरा फोटोग्राफर, आणि माझा एक चांगला फोटो म्हणून त्याने कधी काढला नाही. लग्नातले काढले ते त्याच्या मित्राने, त्यातलेही निम्मे पांढरेफटक आले. बाकी मारेगावात बारशापासून तेरवीपर्यंत सगळ्यांपुढे हा माणूस कॅमेरा घेऊन उभा. रडकी पोट्टी असली की तोंडाने चिमणीचा आवाज काढायचा, लाजऱ्या नवऱ्यामुलींना हसवायचा, म्हाताऱ्यांची टोपी स्वतःच्या हाताने सरळ करायचा. मी म्हटलं, "अवो, माहाबी काढा नं एखादा," की उत्तर ठरलेलं, "तू कुठं पयून चालली काय? काढू आरामात." मी पळून गेले नाही, म्हणून माझा फोटो राहून गेला. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर जन्मभर 'अवो' म्हटलं, कागदावर तरी एवढी मोकळीक घेते.

आणि मी जळकी आहे, हेही आधीच सांगून टाकते. मला त्याची लाज नाही. ज्या बायका म्हणतात, आम्हाला बाई कशाचंच काही वाटत नाही, त्यांच्या घरात मी पाणीही पिणार नाही.

स्टुडिओ म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. भिंतीला धबधब्याचा रंगवलेला पडदा, त्यापुढे लाल गादीची खुर्ची, बाजूला छत्र्या लावलेले दोन दिवे. मधल्या खोलीत आम्ही, आणि मागच्या जुन्या न्हाणीला काळं कापड लावून केलेली डार्करूम. माझी फोडणी पडली की त्याला ठसका लागायचा, त्याच्या औषधांचा वास सुटला की मला. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भांडायला दोघंच.

कापसाचे ते वाईट दिवस. सरकारी खरेदीच्या आवारापुढे बैलबंड्यांची रांग लागायची ती गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत. माप होईपर्यंत माणसं बंडीवरच झोपायची, तिथेच दगडांची चूल मांडायची. लोकांनी लग्नं आटोपशीर केली, अल्बम बंद झाले. मग नवरा यवतमाळच्या एका पेपरला बातमीचे फोटो पाठवू लागला, आणि पोलिसांनी बोलावलं की पंचनाम्याचे फोटो काढायला जाऊ लागला. त्या वर्षांत पोलिसांची बोलावणी फार यायची. कुठल्या तरी शेतातून, कुठल्या तरी गोठ्यातून. तिथून आला की तो आधी आंघोळ करायचा आणि मगच बोलायचा.

त्याच दिवसांत मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण केस मुठीमुठीने गळायला लागले. माझी वेणी मांडीपर्यंत होती. कळंबला चतुर्थीला चिंतामणीच्या देवळात मी पुढे चालले की मागच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या, आणि मला ते न पाहताही कळायचं. शेवटी आईने कात्री घेतली आणि कानाच्या वर कापून टाकले सगळे. आरशात पाहिलं तर मधुकरी मागायला आलेला एखादा पोर. मी कोणाला पत्ता लागू दिला नाही. डोक्यावर पदर, कानापाशी दोन्हीकडून पिना लावलेला. शेजारणी म्हणायला लागल्या, आजारपणात बाई फारच मर्यादशील झाली बाप्पा.

भोगीचा दिवस होता, संक्रांतीची आदली तारीख. दुपार कलली होती. घरी कोणी नाही म्हणून मी मागच्या अंगणात उघड्या डोक्याने बसले होते आणि पूजेची सुगडं धुऊन उन्हात पालथी घालत होते. एवढ्यात मागच्या दारातून खट् आवाज झाला. मान वर केली तर पुन्हा खट्. नवरा दारात उभा, डोळ्याला कॅमेरा. मी हातातलं ओलं सुगड उगारलं, याने तेवढ्यात तिसरा फोटो काढला, आणि मग ते सुगड चौकटीवर फुटलं.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"रोल संपवून राह्यलो. बंड्याच्या रांगेचे फोटो काढून आलो पेपरसाठी. संध्याकायच्या गाडीनं यवतमायले पाठवाचे आहेत. रोल संपल्याबिगर धुता येत नाई नं."

म्हणजे बघा. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मला मिळाला तो रोलचा उरलासुरला तुकडा. तोही टकल्या डोक्याचा. मी म्हटलं, "हे जर छापले, तर हात मोडीन तुमचे." त्याने छापले नाहीत. निगेटिव्ह मात्र ठेवली, कारण हा माणूस निगेटिव्ह कधीच फेकत नाही.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या सकाळी, मी पूजा मांडत होते आणि पोलिसांची जीप दारात आली. नदीकडच्या एका खेड्यात म्हातारा व्यापारी आणि त्याची बायको रात्री घरात मारले गेले होते. नवरा नवा रोल घालून गेला. दुपारी आला, आंघोळ केली, मी दिलेला तिळगूळ हातात धरून ओसरीवर बसून राहिला. हातातच विरघळला तो.

काही दिवसांनी त्याच खेड्यातल्या एका शेतकऱ्याला धरलं. त्याचं आणि व्यापाऱ्याचं कापसाच्या मापावरून भर चौकात भांडण झालं होतं, 'तुले पाहून घेतो' असं हा सगळ्यांदेखत ओरडला होता. त्याच्या घरातल्या कापसाच्या गंजीत म्हातारीचे चांदीचे वाळे सापडले. एका माणसाने सांगितलं, मी याला भोगीच्या दिवशी दिवेलागणीला व्यापाऱ्याच्या घरामागे पाहिलं. खटला उभा राहिला. माझ्या नवऱ्याला साक्षीला बोलावलं ते एवढ्याचसाठी, की प्रेतांचे हे फोटो मीच काढले असं सांगायला. त्याने सांगितलं आणि घरी आला. आरोपी म्हणत होता, मी त्या दिवशी मारेगावला रांगेत होतो, बंडीवर झोपून होतो. पण रांगेतला माणूस रांगेतल्या माणसाचं तोंड कुठे बघतो? सगळे आपापल्या बंडीवर पांघरूण घेऊन पडलेले. कोणी साक्षीला उभं राहिलं नाही. फाशीची शिक्षा झाली आणि त्याला नागपूरच्या जेलात नेलं.

मग ती आली, त्याची बायको.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पडद्याच्या फटीतून. दोन पोरं, मोठी मुलगी आणि कडेवरचा बारका. तिला पोरांचा फोटो काढून हवा होता, जेलात भेटीला नेण्यासाठी. लुगडं साधंच, पायात चप्पल नाही, आणि पाठीवर वेणी. अशी वेणी, माय वं! माझे केस तेव्हा कुठे खांद्याखाली आले होते. मी तिचं तोंड नंतर पाहिलं, आधी वेणीच पाहिली.

"भाऊ," ती नवऱ्याला म्हणाली, "पोट्टे मोठे दिसले पायजेत. तेनं पाह्यलं तवा बारका रांगत होता."

भाऊ म्हणे! आमच्याकडे सगळ्या बाया सगळ्यांना भाऊच म्हणतात, ते मलाही ठाऊक आहे. पण कानाला लागायचं ते लागलंच.

फोटो निघाला, ती गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली. आता तिला चौघांचा फोटो हवा होता. हिचा नवरा जेलात, फाशीच्या कोठडीत, आणि हिला चौघांचा फोटो पाहिजे. दुसऱ्या कोणी हात जोडले असते. आमचा माणूस म्हणाला, "जोडफोटो करू."

जोडफोटो हा त्याचा हातखंडा. गावात कोणाचा मुलगा फौजेत असतो, कोणाची आई फोटो न काढताच गेलेली असते. मग हा काय करतो, तर नसलेल्या माणसाच्या जागी त्याच मापाचा दुसरा कोणी बसवतो, कपडे मात्र ज्याचे त्याचेच. फोटो काढून झाला की बसलेल्याचं मुंडकं पात्याने कापून काढायचं, कुठल्या तरी जुन्या फोटोतला खरा चेहरा तिथे चिकटवायचा, बारीक ब्रशने सांधा बुजवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. गळपट्टीपाशी डोळा लावून पाहिलं तरच कळतं.

त्या दिवशी मी चहा घेऊन स्टुडिओत गेले आणि कपबशी हातात तशीच राहिली. लाल खुर्चीत माझा नवरा बसला होता. अंगात परक्या माणसाचा चौकड्याचा शर्ट. मांडीवर तिचा बारका, गुडघ्याशी मुलगी, आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी. कॅमेरा तिवईवर आपोआप खर्रखर्र करत होता. माझा नवरा धबधब्यापुढे दुसऱ्याचा संसार मांडून बसला होता आणि चेहऱ्यावर असा भाव, की जसा हाच खरा.

खट् झालं. ती लगेच बाजूला झाली. मी चहा स्टुलावर असा आपटला, की अर्धा बशीत आला.

ती गेल्यावर मी तोंड सोडलं. "गावात दुसरा माणूस नव्हता बसाले?"

"फासीवाल्याच्या जागी कोन बसते सांग बरं तू. दोघातिघाले इचारलं. सारे म्हनतात, अपशकुन हाय."

"मंग तुमीच बरे सापडले अपशकुनाले!"

"अवं, मुंडकं तं कापूनच टाकाचं हाय."

मुंडकं कापाल हो. खांद्यावरचा हात कसा कापाल? हे मी बोलले नाही, पण भाकरी थापताना त्या दिवशी परातीचा जो आवाज झाला तो शेजारच्या दोन घरांनी ऐकला असेल.

मग दिवस दिवस तो फोटो घेऊन बसला. चेहरा त्यांच्या लग्नातल्या फोटोतला घेतला, म्हणून कपाळावरच्या मुंडावळ्या ब्रशने एकेक मणी करून पुसायच्या होत्या. तेही केलं. तिच्या लुगड्याचे काठ ठळक केले. मी येता जाता पाहायचे. माझ्या भाजीत मीठ कमी की जास्त हे ज्याला सांगता यायचं नाही, त्याला तिच्या काठावरची रुईफुलं बरोबर दिसत होती.

ती कधी नागपूरला एकटी गेली नव्हती, म्हणून भेटीच्या दिवशी हा तिच्यासोबत गेला. मी दिवसभर घरातली सगळी भांडी घासून काढली, घासलेलीही. संध्याकाळी तो आला. मीच विचारलं, "झाली भेट?"

"झाली. फोटो पाहून रडला तो. मंग माह्याकडे पाहे, फोटोकडे पाहे. म्हने, भाऊ, हे हात माहे नाईत."

"तुमी काय म्हटलं?"

"काय म्हनू? हात खिशात घातले."

हे ऐकून मला त्या माणसाचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हणून आत पेटलेलं विझलं असं समजू नका. एका माणसाची कीव येणं आणि त्याच्या बायकोचा हेवा वाटणं, दोन्ही एकाच चुलीवर शिजतं.

यानंतर ती पोरांना घेऊन अधूनमधून यायची. एकदा मी पडद्यामागे तांदूळ निवडत होते आणि ती बोलत होती, की शेत दिराने वाहिलं, बैलजोडी विकली. म्हणाली, "आमचा मोड्या कोनी घेतच नव्हतं भाऊ. एक शिंग मोडेल, डावं. तोच बंडीले होता त्या दिवशी."

मग नवऱ्याची पावलं धडधड डार्करूमकडे गेली. डबे काढले, पाकिटं उलथीपालथी केली. खूप वेळाने तो एक निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरून उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं आणि नजर चुकवली. मला तेव्हाच समजलं ती कुठली पट्टी.

बंड्यांच्या रांगेचे फोटो होते ते, भोगीच्या दिवशीचे. त्यात एक बंडी जवळून घेतलेली. बैल सोडून चाकाला बांधलेले, एकाचं डावं शिंग मोडलेलं. वर कापसाच्या ढिगावर एक माणूस तोंडावर शेला ओढून झोपलेला. तोंड दिसत नव्हतं, फक्त तळपाय. दुपारी कललेल्या उन्हात जो मारेगावात बंडीवर झोपलेला आहे, तो दिवेलागणीला त्या लांबच्या खेड्यात कसा पोचेल? बैल तर सोडलेले. आणि तो जर तिथे नव्हता, तर ज्याने पाहिलं म्हणून सांगितलं, त्याने पाहिलं काय?

नागपूरच्या वकिलाने पट्टी पाहिली. तरणाच होता तो, बोलायला भला. म्हणाला, फोटो तर आहे, पण तो त्याच दिवसाचा कशावरून? पेपरने तो छापला नव्हता, फोटोवर तारीख नाही. तुम्ही त्या बाईला मदत करताय हे सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या एकट्याच्या शब्दाला वजन पडणार नाही. मग तो पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "बंडीच्या फोटोला लागून पुढे हे तीन फोटो कोणाचे? हा मुलगा कोण आहे?"

तो मुलगा म्हणजे मी.

नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी उभी पेटले. पट्टी अखंड होती. बंडीचा फोटो आणि माझे फोटो एकाच दुपारचे हे उघड होतं. सुगडं पालथी घातलेली दिसतात, म्हणजे भोगीच. आणि डोक्यावर केस नाहीत, म्हणजे तेच साल, कारण पुढच्या संक्रांतीला केस मानेपर्यंत आले होते. हे कोर्टात उभं राहून मी सांगायचं. तो फोटो मोठा करून सगळ्यांच्या हातात द्यायचा. वकील बघणार, शिपाई बघणार, आणि ती बघणार, ती वेणीवाली.

"मी नाई येत," मी म्हटलं. "माह्या पायाले धरलं तरी नाई येत."

त्याने पायाला धरलं नाही. मला तेच जास्त लागलं.

दोन दिवसांनी ती आली, स्टुडिओत नाही, मागच्या दाराशी. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. बस म्हटलं नाही, तरी ती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि शेंगा सोलायला लागली.

"वहिनी, मी तुमचा फोटो नाई पाह्यला," ती म्हणाली. "भाऊनं बंडीच दाखवली भिंगातून. बाकीच्यावर आंगठा धरलता. म्हने, हे माह्या बायकोचे आहेत, हे तिले इचारल्याबिगर दाखवता येत नाईत."

मी शेंगा सोलत राहिले. मग विचारलं, "तोंड तं झाकेल हाय. तुले कसं समजलं तो तुहाच नवरा?"

"पाय पाह्यले नं." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "वखराचं पातं लागलतं आंगठ्याले, तिथं खोक हाय. आन् काटे म्याच काढले नं वहिनी जलमभर त्या पायातले."

ती गेल्यावर मी भिंग घेऊन पाहिलं. आंगठ्याजवळ एक काळा ठिपका होता. खोक असेल, माती असेल, निगेटिव्हवरचा ओरखडाही असेल. मला तर ते पाय कोणाचेही वाटले. रात्री नवरा जेवायला पाटावर बसला तेव्हा मी त्याच्या पायांकडे पाहत बसले. इतकी वर्षं झाली, पण ते पाय ढिगावर ठेवले असते तर मी ओळखले नसते. त्याने विचारलं, "काय पाहून राह्यली?" मी म्हटलं, "नखं वाढली तुमची."

तेव्हापासून हेवा बदलला. तोवर माझा नवरा तिच्याकडे जातो म्हणून मी जळत होते. आता ती बाई जे ओळखू शकत होती त्यावर जळायला लागले.

आणि मी साक्षीला गेले. लोकांना वाटलं मोठ्या मनाने गेले. कसलं मोठं मन! मी गेले कारण मी नीट हिशेब केला. तो माणूस फासावर गेला, तर माझा नवरा जन्मभर तिच्या डोळ्यातलं पाणी पुसत बसणार. मेलेल्या माणसाशी कोण भांडेल? तो सुटला, तर ती आपल्या घरी, आम्ही आमच्या. तिचा नवरा तिला परत दिला, की माझा मला मिळेल.

हायकोर्टाने हा पुरावा घ्यायला प्रकरण खाली पाठवलं होतं. कोर्टात मी पिंजऱ्यात उभी, हातात तो मोठा केलेला फोटो. काय सांगू, पाहवत नव्हता. डोळे खोल, कान बाहेर, हातात ओलं सुगड उगारलेलं. जजसाहेबांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि विचारलं, "ह्या तुम्हीच?" मी मागे वळून माझी वेणी दाखवली. तोवर ती कमरेपर्यंत आली होती. म्हटलं, "हो साहेब. मुदतीच्या तापात गेले होते केस. त्याच साली. त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

सरकारी वकील उठले. मला म्हणाले, ही बाई तुमच्याकडे नेहमी येते, तुमचे यजमान तिच्यासोबत नागपूरला जातात, हे तुम्हाला माहीत आहे?

"माहीत हाय."

"आणि तुम्हाला काही वाटत नाही?"

घरून शुद्ध बोलायचं ठरवून आले होते, ते सगळं तिथेच सांडलं. "वाटत नाई कसं? अंगाचा तिळपापड होते माह्या! पन साहेब, मी जळून राह्यली म्हनून भोगीची दिवाई होईल काय? भोगी होती तं भोगीच होती."

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी टाइप करणाऱ्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की मी खाली उतरले तेव्हा ती भिंतीशी उभी होती, आणि फोटो तिच्यापुढून गेला तेव्हा तिने मान खाली घातली होती. पाहिलाच नाही तिने, शेवटपर्यंत. मला त्याचाही राग आला. एवढं सगळ्यांनी पाहिलं, तिने पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

निकाल लागायला बराच काळ गेला. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मीसुद्धा. सकाळी देवापुढे दिवा लावताना मी काय मागत होते ते देवालाच ठाऊक, पण फाशी होऊ नये एवढं त्यात होतं.

फाशी रद्द झाली. पण सुटला नाही तो. कोर्टाचं म्हणणं, तोंड दिसत नाही, बंडी त्याच्या भावानेही आणली असेल, वाळे घरात कसे आले ते कोणी सांगत नाही. एवढ्या शंकेवर माणूस लटकवता येत नाही, आणि एवढ्यावर सोडताही येत नाही. जन्मठेप.

ती धावत आली, दारातच खाली बसली, रडत होती की हसत होती कळत नव्हतं. "जीव वाचला वहिनी, जीव वाचला." मी तिला पाणी दिलं. माझाही श्वास मोकळा झाला होता, खोटं कशाला सांगू? आणि मग ओट्यापाशी उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मेला असता तर ती फोटोला आली नसती. सुटला असता तरी आली नसती. आता ती दरवर्षी येणार. पोरं वाढणार, दरवर्षी चौघांचा नवा फोटो लागणार, आणि दरवर्षी माझा नवरा तो चौकड्याचा शर्ट घालून त्या खुर्चीत बसणार. हे मीच करून ठेवलं होतं, माझ्या तोंडाने, शपथेवर.

त्याने खून केला की नाही, मला आजही माहीत नाही. वाळ्यांचं मला कोडं सुटत नाही. त्या आंगठ्याजवळच्या ठिपक्याचंही नाही. तिला मात्र कधीच कोडं पडलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ती आली. पोरगी उंच झालेली, बारका शाळेत जाणारा. पिशवीतून तिने तो शर्ट काढला. घडी तीच, धुतलेला नव्हता. पहिल्या फोटोच्या वेळीच सांगितलं होतं म्हणे माझ्या नवऱ्याने, धू नं एखाद्या वेळी, तर म्हणाली होती, वास जाते भाऊ. नवऱ्याने सवयीने शर्टाला हात घातला.

"ठेवा तो," मी म्हटलं.

"अवं..."

"तुमी तिकडं व्हा. कॅमेऱ्यामागं. मुंडकं तं कापूनच टाकाचं हाय नं? मंग माहं काय वाईट हाय?"

मी लुगड्यावरून तो शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि खुर्चीत जाऊन बसले. वास होता खरा, अजून होता. घामाचा, सरकीचा. खालून एक सतरंजी पायावर टाकायला लावली, लुगडं दिसू नये म्हणून. पोरगी गुडघ्याशी बसली. बारका आता मोठा झाला म्हणून मांडीवर यायला लाजत होता. मी त्याला ओढूनच घेतला आणि त्याचे पाय माझ्या हातांवर ठेवले, हात झाकायला. चांगला जड होता.

ती मागे येऊन उभी राहिली, पण तिचा हात काही वर येईना.

"ठेव नं," मी पुढे बघतच म्हटलं. "मांगच्या बारीले तं बरा ठेवला होता."

तिने हात ठेवला. खांद्यावर, गळपट्टीच्या जरा बाजूला. आधी हलका, मग सगळं वजन टाकून. कॅमेऱ्यामागून नवरा म्हणाला, मान जरा वर. मी वर केली. तो हात माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होतं. शर्टाच्या आतल्या माणसाला तो शोधत होता, दाबून पाहत होता, आणि मला एकदम जाणवलं, की असा हात मी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर कधी ठेवलाच नाही. समोर तो स्टुडिओच्या जुन्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली वाकला होता, फक्त पाय दिसत होते. मी ते पाय पाहत बसले, खट् होईपर्यंत.

तो फोटो नागपूरला गेला. पुढच्या भेटीनंतर ती सांगायला आली, की या खेपेला त्याने हातांचं काही विचारलं नाही, फोटो उशाशी ठेवून घेतला. माझ्या नवऱ्याने माझा चांगला काढलेला फोटो तो एकच, आणि त्यात मी गळ्यापर्यंत आहे.